तिसरी काच

इतवारीतली गल्ली, मे महिना, कूलरला पाणी नाही.
हेडाऊबाईंनी पलंगाखालून पेटी स्वतःच ओढली.
"उचलून पाहा जी. हलकं नाही ते."

जर्मन. भात्यात टॉर्च ठेवून दार लावलं :
एकही भोक नाही.
यजमान मँगनीजच्या खाणींचे फोटो काढायचे,
कांद्री, मनसर, डोंगरी बुजुर्ग,
दरड पडायच्या आधीचे, पडल्यानंतरचे.

लेन्स दोन, तांदळाच्या डब्यात पुरलेल्या,
म्हणून बुरशी नाही.
पण पितळी पट्ट्या तीन,
प्रत्येकीच्या पाठीचा उतार वेगळा,
प्रत्येकीवर कोरलेला तिच्याच लेन्सचा आकडा.
तिसरीला कोणी नव्हतं.

"शेवटी सदतीस आहे, ती लेन्स?"
बाई बोलल्या नाहीत. उठल्या.
फुलवातींच्या बरणीत हात घातला.
"चार जण येऊन गेले. पट्टी कोणी वाचलीच नाही.
एक तं म्हने, पितळेचे वेगळे देतो."

लेन्स बसवली. पट्टी सरकवली. खट्.
खिडकीला डोळा लावला :
दोन बाई, त्यातली एक पिवळट,
एकीच्या खांद्यातून दुसरीचा खांदा निघालेला.
चाक फिरवत गेलो
तसे हनुवटीवरच्या गोंदणाचे सहा ठिपके
सरकत सरकत
तीन झाले.

"मले किती दूर दाखवते ते?"
"दीड मीटर."
"बरोब्बर," म्हणाल्या, "ते बी तिथंच उभे राह्यचे."

मग पैसे मोजून घेतले.
दोनदा.