मु. पो. फ्लॉरेन्स

बागूल म्हणाला, "काका, दोन रात्री खूप झाल्या.
सकाळी घुमट, दुपारी तो नागडा पुतळा,
संध्याकाळी पुलावर फोटो, की चला व्हेनिस."
आणि आमच्या नावापुढच्या रकान्यात
त्याने विचारायच्या आधीच २ टाकला.

हेमलता काही बोलली नाही.
कॉलेज रोडच्या त्या गारठलेल्या ऑफिसात
पदराने चष्मा पुसत राहिली,
म्हणजे मी समजलो,
ही सहाच्या खाली येणार नाही.

मी प्रेसमधला. नाशिकरोड.
एकतीस वर्षं कोरे पासपोर्ट तपासले :
पान नीट, शिलाई नीट, आकडा नीट. पुढे.
माझ्या हातून गेलेल्या पुस्तिका
कुठे कुठे जाऊन आल्या असतील,
मी आपला संध्याकाळी सिन्नर फाट्यापर्यंत.
स्वतःचा काढला तो निवृत्तीनंतर.
घरी आला तेव्हा आधी शिलाई पाहिली,
मग फोटो.

एका रात्रीचे अकरा हजार, नाश्ता धरून.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी मांडलं :
अकरा सक सहासष्ट.
"सहासष्ट सालीच तिथे पूर आला होता,"
ती पोळी उलटताना म्हणाली.
सगळा हिवाळा तिने वाचण्यात घालवलाय.
पुलावर म्हणे सोनारांची दुकानं,
आणि पाणी कुठवर चढलं
त्याच्या रेघा अजून भिंतींवर.
"म्हणजे आपला सराफ बाजारच की," मी म्हणालो.
"मग? तो तरी तुम्हाला किती दिवसांत कळला?"

तिचे वडील तिथे एका पेढीवर वह्या लिहायचे.
दुतोंड्याच्या गुडघ्याला पाणी, तोवर चहा.
कमरेला लागलं की वह्या माळ्यावर.
"तिथेही कुणाच्या तरी बापाने
वह्या वर चढवल्या असतील.
मला ती भिंत बघायचीय.
बागूलच्या कागदात भिंत नाही."

रविवारी रामकुंडावर एक बस रिकामी झाली.
ओल्या धोतरातला एक माणूस,
मागे सात-आठ जण, एक रडकं पोर.
"नाशिक देखने में कितना टाइम लगेगा?"
"तीन घंटा," मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही.
"काळाराम, सीतागुंफा, तपोवन.
फिर त्र्यंबक. रात को शिरडी."
त्याने हात जोडले. पोराला उचललं. गेले.

मी चौसष्ट वर्षं इथे आहे.
पांडवलेणीवर शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत,
तेही डब्यासाठी.
तांबट आळीत शेजारी-शेजारी बसलेल्या
दोन हातोड्यांचे आवाज वेगळे का,
हे विचारायचं अजून राहिलंय.

नारळवाल्याकडून सुटे घेत
हेमलता मागेच उभी होती.
"तीनच तास?" म्हणाली. हसली नाही.

रिक्षात मी हळूच विचारलं,
"किती म्हणजे पुरे, तुझ्या मते?"
ती बराच वेळ बाहेर बघत होती.
रविवार कारंजा गेला, शालिमार गेलं.
"भाजीवालीने दुसऱ्यांदा
न मागता कढीपत्ता टाकावा, इतके."
"तिथे कुठला कढीपत्ता!"
"मग ती जे काय टाकत असेल ते."

सोमवारी बागूलपुढे मी सहा म्हणालो,
आणि स्वतःचाच आवाज ऐकून
पाणी मागवलं.
"काका, व्हेनिस सोडताय?"
"राहू दे त्याला पाण्यात."
तो टाइप करत गेला. पाचव्या दिवसाशी थांबला.
"इथे काय लिहू? रकाना रिकामा चालत नाही."
मी हेमलताकडे पाहिलं.
"लिही," ती म्हणाली, "कपडे वाळत घालणे."

त्याने खरंच लिहिलं.
छापील कागद त्याने माझ्याकडे दिला,
मी जुन्या सवयीने उजेडाला धरला.
आरपार काहीच दिसलं नाही,
साधाच कागद होता.