एकच रेघ

पहिल्याच दिवशी ओर्मेन्योबाईंनी पेन्सिली गोळा केल्या,
एका तडा गेलेल्या बीकरमध्ये उभ्या करून ठेवल्या.
"सत्र संपलं की न्या.
वहीत शाई. चुकलात तर एकच रेघ, आडवी,
खालचा आकडा मला वाचता आला पाहिजे.
शेजारी कारण."

वाल्दिव्हियात बाटल्या फळीवर मोकळ्या नसतात.
प्रत्येक फळीला समोरून लाकडी पट्टी,
वायूच्या टाक्यांना भिंतीत साखळ्या,
दावणीला बांधलेल्या गुरांसारख्या त्या उभ्या.
मी चिलोए बेटावरची. मला साखळ्या नव्या नव्हत्या,
इतकी पातळ काच नवी होती.

म्हातारा बाल्दोमेरो चाळीस वर्षं ही काच धुतोय.
त्याची कसोटी एवढीच:
पाणी आतून थेंबाथेंबाने अडलं तर मळकी,
एकसंध पापुद्र्यासारखं सरकत गेलं तर स्वच्छ.
माझं ब्यूरेट त्याने तीनदा परत पाठवलं,
तोंडातून शब्द नाही, फक्त बोट
एका अडलेल्या थेंबाकडे.

मग शरीर शिकवायचं. आधी पाणी, मग आम्ल,
उलटं कधीच नाही.
केस बांधलेले, चष्म्याचा पट्टा कानामागे रुतलेला,
डावा हात तोटीवर, उजवा फ्लास्क गरगर फिरवतोय
आणि मी बुटकी, म्हणून स्टुलावर,
डोळा पाण्याच्या उंचीला आणण्यासाठी.
कडेला पाणी काचेला बिलगून वर चढतं.
ते वाचायचं नाही.
मधे जिथे ते कशालाच धरून नाही,
तो खोलगट तळ वाचायचा.

नेकुल पाय्यानने आत्याचा सफरचंदाचा शिरका आणलेला,
औषधाच्या जुन्या बाटलीत, बुचाला दोरा.
एकोणीस पूर्णांक पस्तीस. एकोणीस पूर्णांक चाळीस.
आम्ही एकमेकांकडे बघून हसलो,
श्रीमंत झाल्यासारखे.

तिसऱ्या वेळी ब्यूरेटमधलं पाणी आधी थरथरलं,
मग दिवा.
कोणी ओरडलं नाही. इथली मुलं
आधी दिव्याकडे बघतात, मग दाराकडे.
फळ्यांवरच्या बाटल्या पट्टीला टेकून किणकिणल्या,
दातांवर दात आपटावेत तशा,
आणि थांबल्या.
माझा डावा हात तोटीवरच होता. उघड्या.
फ्लास्क गर्द जांभळट गुलाबी,
लग्नाच्या टेबलावर सांडलेल्या रसासारखा.
तेवीस पूर्णांक साठ.

मी म्हटलं, हे धरू नका ना.
बाई अजून चौकटीत उभ्या, एक हात लाकडावर.
"धरत नाहीच. लिहा.
किती वाजले होते?"

त्या रात्री मी जुन्या वह्यांचं कपाट उघडलं,
खरं तर वाचनपुस्तिका शोधायला.
पानोपानी एकेक आडवी रेघ, शेजारी कोणाचं तरी अक्षर:
नरसाळं काढायचं विसरलो.
तोटी गळते, बाल्दोमेरोला सांगितलं.
दोन वेळा सूचक घातलं.
काल रात्री वडील गेले, आकड्यावर भरवसा नको.
त्याच्या खाली, त्याच दिवशी, त्याच शाईत,
चार वाचनं पुन्हा, सगळी नीट.

दुसऱ्या दिवशी चौथी खेप. नदीकाठच्या मासळीबाजारातून
समुद्रसिंहांचं भुंकणं खिडकीतून आत येत होतं.
शेवटी शेवटी अर्धा थेंब
तोटीच्या टोकावर लोंबत ठेवायचा,
काचेला टेकवून घ्यायचा, पाण्याने खाली धुवायचा.
गुलाबी आली. इतकी फिकी
की खाली पांढरा कागद नसता तर दिसली नसती.
तीस सेकंद टिकली पाहिजे.
नेकुल मोठ्याने मोजत होता, मापुचे भाषेत, आजोबांसारखा.
अठ्ठावीसला मी श्वास सोडला. ती टिकली.

शेकडा चार पूर्णांक सहा.
नेकुलने तिथूनच आत्याला फोन लावला.
पलीकडे बराच वेळ भांडी वाजली.
"गेल्या वर्षीचं पाचच्या वर होतं," आत्या म्हणाली,
"मला जिभेला आठवतंय."

बाईंनी ऐकलं. क्षणभर विचार केला.
"लिहा," म्हणाल्या, "पण वेगळ्या रकान्यात."

फ्लास्क तसाच राहिला ओट्यावर.
आम्ही हात धुवून परत आलो
तोवर हवा आत शिरली होती,
रंग गेला होता.