डावीकडं ओढते

रुकडीच्या जिनगोंडा मगदुमांकडून घेतली ही ओम्नी.
एक लाख दहा म्हणाले, पंच्याण्णववर तुटलं.
तीन चाकं चंदेरी, पुढचं डावं काळं,
आणि काळ्याच्या कडेला, नख लावलं तरच दिसेल
असा लाल रंगाचा एक ओघळ.

"हे कुठलं?"
"चाकच आहे की वैनी. गोल आहे का तेवढं बघा."
गोल होतं.

उद्यमनगरात इलाही शिकलगारांनी जॅक लावला,
चाक मांडीवर घेतलं, टिचकी मारून ऐकलं,
कलिंगड ऐकतात तसं.
"एक सूत वाकडंय," म्हणाले.
मग नखानं तो लाल खरवडून,
"ॲम्ब्युलन्सचं दिसतंय,"
आणि चहाला गेले.

हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

तेव्हापासून गाडी डावीकडं ओढते.
म्हणजे आधीपासून ओढत असणार,
मी तेव्हापासून मोजायला लागलो.
स्टिअरिंग बोटभर उजवीकडं धरून ठेवायचं,
तेव्हा कुठं तावडे हॉटेलपर्यंत सरळ जाते.

तशी मला सवय आहे.
आमचं काम पॅटर्नचं. फौंड्रीला लाकडाचा साचा करून द्यायचा.
ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं,
म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं कापायचं.
आमच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा रेघभर लांब असतो.
मामंजी म्हणायचे, बाजारात ही पट्टी नेऊ नको,
मारतील.

पुण्याची जाऊ हसते माझ्या 'येतो', 'जातो'ला.
बाईमाणसानं 'बसलो' म्हणायचं?
म्हटलं, बसलो की मी. चांगला ऐसपैस बसलो.
तिच्या गाडीची चारही चाकं एकसारखी आहेत.

शिरोलीत माल उतरवताना पोरं वाकून बघतात,
"मॅडम, तेवढं एक बदला की,
भंगारात सातशेला मिळतंय."
बदलतो, म्हणतो मी.
पावती खिशात घालतो, निघतो.

महापुराच्या आदल्या वर्षी, रात्री दोन वाजता
मामंजींच्या छातीत कळ आली.
ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघालो म्हणाले.
मग पावणेतीनला त्यांचाच फोन, गाडी पंक्चर झाली.
कोपऱ्यावरच्या राजू मोमीनला उठवून रिक्षातून नेलं,
माझ्या मांडीवर डोकं, पाय दाराबाहेर,
एका पायात चप्पल.
दुसरी कुठं पडली, सकाळी शोधली,
मिळाली नाही.

कुठल्या चाकाचं पंक्चर, हे तेव्हा कोण विचारतंय.
आणि हेच ते असेल, असंही नाही.
कोल्हापुरात चाकं काय कमी आहेत?

माहेरी शुक्रवार पेठेत जायचं तर सीपीआरवरून जावं लागतं.
पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं.
फाटकासमोर नारळपाण्याची गाडी, बिस्किटवाला,
कुणाचे तरी नातेवाईक चटईवर झोपलेले.
आणि गाडी
तेवढ्या शंभर पावलात अजिबात ओढली नाही.
हात सोडून बघितलं.
सरळ गेली.

इलाहीभाईंना सांगितलं. ते म्हणाले,
"तिथं नवीन डांबर पडलंय, वैनी."
बरोबर आहे. पडलंय.

मामंजींची पट्टी आता माझ्याकडं आहे.
कधीकधी वाटतं, त्या रात्रीचं अंतरही
तिच्यावरच मोजलं असणार कुणीतरी,
थोडं जास्त धरून.

आज रात्री घरी आलो, दिवे घालवले.
उतरताना काळ्या चाकाला पाय लागला.
हात आपोआप कपाळाकडं गेला,
मग माझं मलाच हसू आलं.
अंधारात चौघंही सारखीच दिसतात.
काळ्यात हवा कमी वाटते.
सकाळी बघतो.