सम रिकामी

बेइराहून आलेला अर्मांदो मुशांगा
शिवोलीत माझ्याकडे अ‍ॅम्प दुरुस्तीला आणतो.
रेगेच्या दोन कॅसेटी निघाल्या तिकडे; तिसरी
बंदराच्या संपात अडकली ती अडकलीच.
इथं शॅकवाले म्हणतात, लोकांना येतं तेच वाजव.
वाजवतो. पोटापुरतं.

सोल्डर गार होईतो
माझं घुमट मांडीवर घेतो
आणि सम रिकामी सोडतो.
मी दचकतो : अरे, पडली!
'पडली नाही,' म्हणतो,
'तिथं माझा भाऊ वाजवायचा.'

वडाखाली आमचा खाप्रो.
कुठल्या जहाजातून उतरला, कुणी विचारलं नाही.
विडी मात्र चुकत नाही कुणाची.

परवा व्हिसाचे कागद घेऊन
अर्मांदो पणजीला गेला.
मी दोन विड्या लावल्या.