काटा

नाना पेठेत दस्तगीरनं
एमजीची टाकी उतरवली.
आत गंज, आंबलेल्या पेट्रोलचा राप.
कॉर्कचं गॅस्केट बोटांतच भुगा झालं.
मूठभर खडी घालून
तो टाकी खुळखुळवत राहिला,
चहा येईपर्यंत.

मग फ्लोट काढून माझ्या कानाशी धरला.
‘ऐका ताई.’
पितळेच्या पोटात काहीतरी डुचमळलं.
‘भोक पडलंय. हा बुडालेला,
म्हणून काटा कायम शून्यावर.’

म्हणजे दर रविवारी
कात्रजच्या बोगद्यापाशी
‘संपत आलंय गं’ म्हणत
आप्पा गाडी वळवायचे, तेव्हा

साताऱ्यापर्यंत पुरेल इतकं
मागे आमच्या
हिंदकळत होतं.

‘डाख देऊ, की नवाच टाकू?’
दस्तगीर विचारतोय.

थांबा.
अजून एकदा हलवा.