गप्प बसवायचं शून्य

उद्यमनगरात आमचं ऑफिस लेथच्या दुकानावर.
खाली बीड कातलं जातं, वर माझ्या चहावर तरंग उठतात.

आज काढायला घेतलीत
बाहुबली मगदूमनं पेरून ठेवलेली शून्यं.
भट्टीच्या कंट्रोलरचा हा कोड त्याचा, दोन हजार चारचा.
जागोजागी लिहून ठेवलंय, रोमन लिपीतल्या मराठीत:
कंपायलर उगंच बोंबलतोय, शून्य देऊन गप केलाय.

तेव्हाचा कंपायलर होताच तसा,
सोयरिकीच्या बैठकीतल्या थोरल्या आत्यासारखा.
प्रत्येक व्हेरिएबलला विचारायचा,
तुला किंमत दिली कुणी? कधी? कुणादेखत?
मग एक शून्य हातावर ठेवायचं आणि पुढं जायचं.

आताचा डोळस आहे, सगळ्या वाटा चालून बघतो.
मी एकेक शून्य उडवते,
कास्टिंगची वाढीव कड छिन्नीनं उडवावी तसं.
बिल्ड. गप्प.
दुसरं. गप्प.
मधे मिसळ आली, कटाचा डबा गळला,
कीबोर्ड पुसला,
तरी गप्प.
छत्तीस झाली.

सदतिसाव्याला कंपायलर बोलला.
एकच ओळ, जांभळी:
तापमान इथं किंमत न मिळताच वापरलं जाऊ शकतं.

आधी मी हसले, बाहुबली हसला असेल तशीच.
मग बोटानं वाट चालत गेले.
सेन्सरनं तीनदा उत्तर दिलं नाही
तर लूप संपतो, आणि तापमानात कुणी काहीच ठेवत नाही.
फक्त ते शून्य.
भट्टीत चौदाशे अंशांचा रस,
मीटरवर शून्य,
आणि कॉइलला निरोप: अजून तापव.

शिरोलीला इलाही मुजावरांना फोन लावला.
"व्हय, दाखवतंय की कधीमधी शून्य.
काचंवर टिचकी मारतो, येतंय जाग्यावर.
तवर करंट हातानं कमी करतो. रंगावरनं कळतंय की लोखंड."
कधीपासनं?
"पोरगी पहिलीत हुती. आता तिचं लगीन झालं."

बाहुबलीचा नंबर आहे माझ्याकडं. लावला नाही.
छत्तीस वेळा उगंच बोंबलणाऱ्याचं
सदतिसाव्या वेळी मी तरी ऐकलं असतं का?

शून्याच्या जागी आता लिहिलंय: उत्तर नाही.
मीटरवर तीन आडव्या रेघा येतील, कॉइल बंद पडेल.
इलाहीभाईंना सगळं समजावून सांगितलं.
"बरं झालं," म्हणाले.
मग थोडं थांबून,
"म्हंजे टिचकी मारू नको म्हणताय काय?"