शाळा सोडल्याचे कारण

दाखल-खारीज रजिस्टर नंबर एक
माझ्या मांडीवर आहे.
टेबलावर ठेवलं तर पानं सुटतात,
कपाटात ठेवलं तर वाळवी,
म्हणून दर जुलैत मी त्याला असं मांडीवर घेऊन बसते.

शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद.
वर लिहिलंय, शाळा सोडल्याचे कारण.
माझ्याआधीच्या नऊ मुख्याध्यापकांनी
नऊ प्रकारच्या शाईत
तिथे एवढंच लिहिलंय:
गाव सोडले. सतत गैरहजर. लग्न.
मयत, हा शब्द सगळ्यांनी बारीक अक्षरात.
पुन्हा सतत गैरहजर.
त्याखाली दोन छोट्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
पान उलटेपर्यंत.

आणि सगळ्यांचा जन्म एक जूनचा.
त्या दिवशी टेंभरवाडीच्या सुईणीला
घोटभर पाण्याचीही उसंत नसणार.

परवा घाटंजीहून फटफटीवर एक पोरगा आला.
अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नंबर लागलाय,
पडताळणीला आजोबांची नोंद हवी,
पन्नास सालाच्या आधीची, उद्या पाचपर्यंत.
आजोबा सापडले. दुसरी पास.
पण गुरुजींनी आत्रामचं आत्रम केलेलं.
पोरगा त्या नसलेल्या कान्याकडे बघत राहिला,
तेवढ्या फटीतून त्याचं वसतिगृह,
त्याची चार वर्षं खाली पडतील असा.
मला काना देता येत नाही. नियम आहे.
मी शिक्का मारला, जरा जोरात.

पारबताबाईला वयाचा दाखला हवा होता.
बावीस वर्षं ती इथे खिचडी शिजवते,
मानधनाच्या कागदावर अंगठा देते.
मी म्हटलं, तुमचं नाव कसं असेल यात?
ती म्हणाली, पाहा तं खरं,
झिंगुजी कोडापेची पोरगी.

होती.
अनुक्रमांक दोनशे सहा.
जन्म एक जून, अर्थात.
पहिलीत दाखल, पहिलीतच खारीज.
पुढचं मी वाचणार नव्हते.
"वाचा ना मॅडम, लिवलंच हाय तं."

सतत गैरहजर.

ती हसली नाही. पदराला हात पुसले.
"गैरहजर कोठची? इथंच तं होती मी.
भितीच्या मांगं, पाटलाच्या वावरात, कापूस येचत.
खिडकी उघडीच राहे.
बारापर्यंत सारे पाढे येतात मले.
तेराचा नाही येत.
तवा खिडकीले झडपा बसवल्या."

आणि ती चुलीकडे गेली.

आता आदेश आलाय. पटसंख्या अकरा,
शाळा नाल्यापलीकडच्या समूह शाळेत,
सहा किलोमीटर.
रजिस्टरं सोमवारपर्यंत केंद्रप्रमुखांकडे.
प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं.

पेन उघडून बसले आहे.
सगळी मुलं हजर.
देवांशूच्या दप्तरात तर एक बेडूकसुद्धा हजर आहे,
तास होऊ देत नाही.
समायोजन हा शब्द रकान्यात मावत नाही,
समायो- पर्यंत जातो,
उरलेला समासात लोंबतो.
दुसऱ्या नावाखाली
वरीलप्रमाणेच्या दोन रेघा ओढायच्या, इतकंच.

बाहेरून हाक आली,
"मॅडम, कितीक आज?"
अकरा, मी म्हटलं. मग म्हटलं,
मला धरून बारा.

थोडा वेळ काहीच नाही.
मग परातीत
आणखी एक मूठ तांदूळ पडल्याचा आवाज.